हौद्यातलं बिऱ्हाड आणि मुक्कामाचा हक्क

पिकअप घ्यायची, तिच्या हौद्यावर राहण्याजोगी पेटी बसवायची, आत एक फळी झोपायला, एक शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सोलर, आणि वर्षातले चार महिने त्यातच राहून फिरायचं. असा बेत सोलापुरात कुणी बोलून दाखवला, तर समोरून येणारी वाक्यं ठरलेली आहेत. ‘भिकेचे डोहाळे’ हे पहिलं. ‘ही अमेरिकेतली थेरं, आपल्याकडं कशी चालायची?’ हे दुसरं. ‘आरटीओ पहिल्याच नाक्यावर उभी करेल’ हे तिसरं. ‘मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात राहून दाखव’ हे चौथं. अलीकडं एक पाचवं वाक्यही ऐकू येतं, आणि ते जरा जास्त वाचलेल्या माणसांकडून येतं: गरिबाला नाइलाजानं जे करावं लागतं, त्याची पैसेवाल्यानं सहल करू नये.

या पाचांपैकी पहिली दोन वाक्यं साफ चुकीची आहेत. तिसरं अर्धं खरं आहे. चौथ्याला उत्तर आहे आणि ते सोलापूरच्या माणसालाच ठाऊक आहे. पाचवं सगळ्यांत वजनदार आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे. गाडीत राहावं की राहू नये, या वादात आपण नको तिथं अडकलोय. गाडी थांबवायची कुठं आणि ती थांबवायचा हक्क कुणाला, हा खरा प्रश्न आहे. तो या जिल्ह्याला जितका लागू आहे तितका महाराष्ट्रात क्वचितच कुठं असेल.

परकेपणाच्या आरोपापासून सुरुवात करू. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकराच्या सुमारास हैदराबाद रस्त्यावर सोलापूरच्या बाजार समितीकडं जाऊन पाहावं. कांद्याची आवक वाढली की पिकअप, टेम्पो आणि छोटा हत्ती यांची रांग यार्डातून रस्त्यावर येते. माल उतरायचा, लिलाव व्हायचा, काटा व्हायचा, पट्टी हातात पडायची, या सगळ्याला वेळ लागतो. तोवर शेतकरी कुठं असतो? केबिनमध्ये पाय दुमडून, नाहीतर हौद्यात गोण्यांवर चादर पांघरून. जवळ फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती रात्र, कधी दुसरीही, गाडी हेच त्याचं घर असतं. पहाटेच्या थंडीत त्याला लागतं काय? तोंड धुवायला पाणी, जायला संडास, आणि ‘गाडी पुढं घे’ म्हणून काचेवर काठी न वाजवणारा वॉचमन.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर गड्डा भरतो. पाळणे, मौत का कुवा, खेळण्यांचे आणि भांड्यांचे स्टॉल घेऊन येणारी माणसं एक जत्रा उठली की दुसरीच्या वाटेला लागतात. पाळण्याचे लोखंडी सांगाडे ज्या ट्रकमधून येतात, त्याच ट्रकच्या आसऱ्यानं त्यांचा संसार चालतो. तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्यांचंही तसंच. ट्रकच्या मागच्या अंगाला प्रोजेक्टर, तिथूनच पडद्यावर झोत, आणि खेळ संपला की तिथंच अंथरूण. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गेला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणारे हेच ट्रक त्यात आहेत. कानच्या प्रेक्षकांनी त्यांचं कौतुक केलं. आपल्या गावच्या मैदानावर ते उभे असतात तेव्हा मात्र ‘जत्रेवाले आलेत, कपडे आत घ्या’ म्हणतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या पुढं आहे. एवढे कारखाने राज्यात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत. त्यांचा पट्टा फिरतो तो ऊसतोड मजुरांच्या जिवावर. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. ट्रक किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, त्यांत पिठाची पोती, हंडे, कोंबड्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात वर लेकरं. फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोपी उभी राहते, आणि पुढचे पाच-सहा महिने संसार कधी कोपीत, कधी वाहनात, असा हलता असतो.

आणि वारी. आषाढीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते, तुकाराम महाराजांची नीरा ओलांडून अकलूजला येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत लाखो माणसं पंढरपूर गाठतात. टीव्हीवर टाळ-मृदंग दिसतो, रिंगणातला घोडा दिसतो, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया दिसतात. दिंडीचा ट्रक दिसत नाही. पहाटे तळ मोडला की तो पुढच्या गावाला निघतो. हौद्यात खाली शिधा, मोठी पातेली, राहुट्यांचे बांबू. वर फळ्या टाकून केलेला माळा, त्यावर भिशी भरलेल्या प्रत्येकाची वळकटी, आणि पायाला फोड आलेली, ताप भरलेली म्हातारी माणसं. संध्याकाळी चालणारे पोचतात तेव्हा राहुटी उभी असते आणि चुलीवर आधण असतं. पालखी सोहळ्याला आजचं रूप देणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांना अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे मिळाले तसा तंबूही मिळाला. मुक्कामाची व्यवस्था ही वारीला मागाहून चिकटवलेली सोय नव्हे. ती नसेल तर वारी लोणंदच्या पुढं सरकणार नाही.

तेव्हा ज्या जिल्ह्यात कांदेवाला, पाळणेवाला, ऊसतोडवाला आणि वारकरी असे चौघेही गाडीच्या आसऱ्यानं रात्री काढतात, तिथं ‘हे आपलं नव्हे’ हे वाक्य कुठल्या तोंडानं बोलायचं? आपलं काय नाही तर, गाडीत राहणाऱ्याला माणसासारखं वागवणं आपलं नाही.

‘अमेरिकेतली थेरं’ म्हणणाऱ्यांना अमेरिकाही पुरती माहीत नसते. पिकअपवर पेटी बसवून फिरणारा तिथला सगळ्यांत गाजलेला माणूस म्हणजे जॉन स्टाइनबेक. १९६० साली त्यानं जीएमसीच्या पिकअपवर पेटी बसवून घेतली, डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव रोसिनान्ते ठेवलं, चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेतला आणि देशभर हिंडला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे त्या प्रवासाचं पुस्तक १९६२ साली आलं. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सलिनास या त्याच्या जन्मगावी संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. पण याच लेखकानं १९३९ साली ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिली होती. त्या कादंबरीतलं जोड कुटुंब ओक्लाहोमातली जमीन गेल्यावर एक जुनी हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतं, गाद्या, भांडी आणि म्हातारे आजी-आजोबा त्यावर लादतं आणि कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघतं. वाटेत त्यांना जागोजागी ऐकावं लागतं ते एकच: इथं थांबू नका.

ही निव्वळ कादंबरी नव्हती. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी थेट राज्याच्या सीमेवर जाऊन असे गरीब प्रवासी अडवले होते. निर्धन माणसाला राज्यात आणणं हा कॅलिफोर्नियात गुन्हाच होता. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४१ साली ‘एडवर्ड्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात रद्द केला. त्याच न्यायालयानं २०२४ साली ‘ग्रँट्स पास’ खटल्यात, सार्वजनिक जागी रात्र काढणाऱ्या बेघर माणसाला दंड करायची मुभा शहरांना दिली. म्हणजे हौद्यातल्या बिऱ्हाडाचं जन्मस्थान समजल्या जाणाऱ्या देशातही भांडण गाडीवरून कधीच नव्हतं. रोसिनान्तेला कुणी हटकलं नाही आणि जोडांच्या हडसनला कुणी उभं राहू दिलं नाही, एवढाच फरक. तो फरक आपल्याला अजिबात परका नाही.

आता आरटीओ. हा आक्षेप अर्धा खरा आहे, तेव्हा तो नीट मांडू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ नव्या रूपात आलं. मालकानं बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मालवाहू पिकअपच्या हौद्यात माणसं बसवून गाडी चालवणं तर मुळातच मना आहे, आणि ते योग्य आहे. हौद्यातून पडून मेलेल्या मजुरांच्या बातम्या या जिल्ह्याला नव्या नाहीत.

पण यातून ‘गाडीत राहता येत नाही’ हे सिद्ध होत नाही. राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं. कायद्याचं दार उघडं आहे, फक्त ते फार उंचावर आहे. मानकानुसार चाचणी करून प्रमाणपत्र मिळवणं एखाद्या कारखानदाराला किंवा पर्यटन कंपनीला परवडतं. अक्कलकोट रोडवर वर्षानुवर्षं ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारागिराला एका पिकअपसाठी ते परवडत नाही. चार जॅकवर उचलून खाली उतरवता येणारी, पट्ट्यांनी बांधलेली पेटी हा ‘बदल’ धरायचा की ‘माल’? धावत्या गाडीत सगळे पुढच्या केबिनमध्ये बसले आणि मागच्या पेटीत फक्त थांबल्यावर राहिले, तर हरकत कशाला? हे पासिंगच्या वेळी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचे प्रश्न नव्हेत. उत्तर ‘नाही’ असेल तरी चालेल, पण ते लिहिलेलं असावं.

आणि नियमाच्या कडकपणाचा गोडवा गाणाऱ्यांनी एकदा हंगामात माळशिरस-पंढरपूरच्या रस्त्यावर उभं राहावं. दोन ट्रॉल्यांवर ऊस, त्याच्यावर मोळ्या बांधणारी माणसं, मागं ना दिवा ना लाल कापड. कायदा तिथं झोपलेला असतो. आषाढीत सरकार स्वतः वारीच्या वाहनांना पास देतं आणि टोल माफ करतं. ते करावंच. पण मग हेही मान्य करावं, की चाकांवरच्या बिऱ्हाडाशी जुळवून घेणं सरकारला जमतं. ते कुणासाठी जमवायचं, एवढंच काय ते ठरवलं जातं.

उन्हाचं बोलू. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४३-४४ अंशांना टेकतो, आणि पत्र्याची बंद पेटी दुपारी भट्टी होते, यात शंका नाही. म्हणून तर इथला शहाणा माणूस दसऱ्यानंतर निघतो आणि शिमग्याला परततो. उन्हाळ्यातही राहायचंच असेल तर उपाय आपल्या आज्यांचे आहेत. छपराला दुसरं छप्पर, मध्ये हवेला वाट, वर उसाचं पाचट, खिडकीला भिजवलेलं गोणपाट, आणि गाडीचं तोंड असं की उन्हाची बाजू बिनखिडकीची. पेटीच्या भिंतींना आतून थर्माकोल किंवा फोमचा थर दिला तर फरक हाताला लागतो. खरी तांत्रिक पथ्यं वेगळीच आहेत, आणि ती चेष्टा करणारे कधी विचारत नाहीत. पेटीचं वजन मागच्या आसाच्या पुढं पडलं पाहिजे, मागं गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. पाण्याची टाकी खाली आणि मध्यावर हवी, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. पेटी जितकी उंच तितकी आडव्या वाऱ्यात गाडी डुलते. गॅसची टाकी आत ठेवली तर तळाशी झरोका हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. हे ज्याला कळतं तो कारागीर सोलापुरात सापडतो. न कळणाऱ्याकडून बांधून घेतली तर ती चूक बांधणाऱ्याची, बेताची नव्हे.

उन्हाचा मुद्दा काढणाऱ्यांना एक उलटा प्रश्न. ट्रकचालक याच उन्हात, याच रस्त्यांवर, केबिनमध्ये पिढ्यानपिढ्या झोपत आलेत. सोलापूर म्हणजे पुणे-हैदराबाद आणि विजापूर-धाराशिव या दोन्ही मोठ्या रस्त्यांचा सांधा. ढाब्याबाहेर ट्रकच्या सावलीत आडव्या झालेल्या क्लीनरला पाहून किती जणांना त्या उन्हाची काळजी वाटली? मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं ते १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना. तोवर उकाडा हा मुद्दाच नव्हता. तो आता मुद्दा झाला, कारण गाडीत राहण्याचा बेत आपल्यातल्या कुणीतरी बोलून दाखवला.

उरला पाचवा आक्षेप, आणि त्याला मान देऊन उत्तर द्यायला हवं. कोपीत राहणाऱ्या बाईला परत जायला धड घर नसतं आणि पिकअपवाल्या हौशी माणसाचा सात रस्त्याला फ्लॅट असतो. तिच्या राहण्याला नाइलाज म्हणायचं आणि त्याच्या राहण्याला स्वातंत्र्य, यात लबाडी आहे, हे मान्य. ‘चौकटी मोडा, मोकळं जगा’ असली वाक्यं लिहून गाड्या विकणाऱ्यांना तर उत्तर देण्याचीही गरज नाही. फिरस्तेपणाचं गुणगान करताना या शहराला तर दहादा विचार करावा लागेल, कारण फिरणाऱ्या माणसांना डांबायचं कामही इथंच झालं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मानंच माणसाला चोर ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. कैकाडी, टकारी, पारधी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची माणसं तिथं हजेरी देऊन राहत आणि शहरातल्या गिरण्यांत राबत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर रद्द झाला. वस्तीला मात्र लोक आजही सेटलमेंट म्हणतात.

कुंपण गेलं, संशय राहिला. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो, एवढ्यावरून माणूस भीक मागून जगत असावा असा अर्थ काढून त्याला भिकारी ठरवायची सोय त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली दिल्लीपुरत्या त्या कायद्याच्या अनेक तरतुदी रद्द केल्या. आपल्याकडं त्या चालूच आहेत. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके ज्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते, त्यानं २००८ साली भटक्या-विमुक्तांची दैना केंद्र सरकारपुढं मांडली. पत्ता नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून रेशन नाही, हा फेरा तेव्हाही होता. आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारे आलेत या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांनी काय केलं होतं? अनोळखी गावात थांबले होते.

हे सगळं मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूनं मांडतोय, हे त्यांच्या लक्षात येईल. पण यातून निघतं काय? ‘म्हणून हौशी माणसानं गाडीत राहू नये’ हे निघत नाही. त्यानं पेटी बसवली नाही म्हणून एकाही कोपीत नळ येणार नाही. निघतं ते असं, की फिरणाऱ्याचं थांबणं हा सगळ्यांचाच हक्क मानावा लागेल. आज तो मेहेरबानी म्हणून काहींना मिळतो. बाकीच्यांच्या बाबतीत तो गुन्हा ठरतो. गाडीत राहणारा माणूस गरीब असो वा बँकेतून निवृत्त झालेला, रात्री नऊला त्याच्या गरजा सारख्याच होतात: सपाट जमीन, पाणी, संडास, सांडपाणी ओतायची जागा, एक दिवा, आणि कुणी हुसकून लावणार नाही याची खात्री. या गरजा आजवर फक्त ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांच्या होत्या, म्हणून त्या तशाच राहिल्या. तहसील कचेरीत ज्याला खुर्ची दिली जाते असा माणूस त्याच नळापाशी बादली घेऊन उभा राहिला, तर नळाला पाणी येण्याची शक्यता वाढते. त्याला तिथून बाजूला करून, उंच भिंतीच्या रिसॉर्टमध्ये वेगळा नळ दिला, तर मात्र पाचवा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल.

आणि कॅराव्हॅन धोरणाची भीती नेमकी हीच आहे. त्यात राहण्याच्या गाड्या आहेत, त्या उभ्या करायची पार्कं आहेत, पर्यटक आहे. कांद्याची पिकअप नाही, जत्रेचा ट्रक नाही, ऊसतोडीची ट्रॉली नाही. पर्यटन खात्याचं धोरण पर्यटकासाठीच असणार, असं उत्तर मिळेल. ठीक आहे. मग बाकीच्यांच्या मुक्कामाचं खातं कुठलं, तेवढं सांगावं.

जमणार नाही, असं म्हणायची सोय सोलापूरच्या प्रशासनाला नाही. पंढरपुरात वारीच्या काळातली घाण आणि हातानं मैला उचलायला लावण्याची प्रथा यांवर मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं. न्यायालयानं कान धरल्यावर २०१५ च्या सुमारास चंद्रभागेपलीकडची ६५ एकर जागा दिंड्यांसाठी आखून तयार झाली. प्लॉट पाडले, नळ आले, संडास आले, दिवे आले, दिंड्यांची नोंद करून जागा देण्याची पद्धत बसली. पालखी मार्गावर फिरती शौचालयं उभी राहू लागली. ज्याला जगभरात कॅराव्हॅन पार्क म्हणतात त्याचा एक मोठा आणि खराखुरा लोकशाही नमुना याच जिल्ह्यात आहे, आणि तिथं बुकिंगसाठी क्रेडिट कार्ड लागत नाही. फक्त तो नमुना यात्रांपुरताच आहे. लाखो माणसांची सोय काही दिवसांत होऊ शकते, मग बाजार समितीच्या दारातल्या शंभर पिकअपची वर्षभर का होऊ नये?

फ्रान्समध्ये ५ जुलै २००० चा कायदा आहे. पाच हजारांवर लोकसंख्येच्या गावांनी फिरस्त्या समाजांच्या गाड्यांसाठी तळ उपलब्ध करून देण्याची जबाबदारी उचलावी, असं तो सांगतो. तिथल्या अनेक गावांनी तो टाळायचा प्रयत्न केला, हेही खरं. पण टाळणाऱ्याला निदान कायदा मोडावा लागतो. आपल्याकडं टाळायला काही नाहीच.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. सोलापूर महापालिका, बाजार समिती आणि प्रत्येक साखर कारखाना यांच्यावर मुक्कामतळाची लेखी जबाबदारी असावी. त्यात नळ, बायकांसाठी वेगळे आणि आतून कडी लागणारे संडास, सांडपाण्याची मोरी, रात्रीचा दिवा. दर एकच, तोही भाजीवाल्याला परवडेल एवढा. दारावर गाडीचा नंबर विचारावा, जात आणि गाव विचारू नये. परिवहन खात्यानं उतरवता येणाऱ्या पेटीबाबत वजन, उंची, बांधणी आणि गॅस यांचे नियम मराठीत छापावेत आणि तपासणी स्थानिक पातळीवर व्हावी. भीक प्रतिबंधक कायद्यातलं भटकण्याला गुन्हा मानणारं कलम विधिमंडळानं काढून टाकावं. यातली एकही गोष्ट फक्त हौशी माणसाच्या उपयोगाची नाही, आणि एकही त्याला वगळत नाही. हीच या मागण्यांची परीक्षा.

पेटी कशी बांधायची ते गॅरेजवाला बघून घेईल. कुठला पाटा वाढवायचा, फाळका कुठं कापायचा हे त्याला शिकवावं लागत नाही. नळ आणि संडास मात्र त्याला बांधता येत नाहीत. ते काम ज्यांचं आहे, त्यांनी ते केलेलं नाही. ‘भिकेचे डोहाळे’ म्हणून हसणाऱ्यांनी आपलं हसू त्यांच्यासाठी राखून ठेवावं.